समोरचा धरून

“आम्ही तुला कळवू,” अक्षदा म्हणाली, आणि खोपटच्या एसटी डेपोच्या फाटकात, भिवंडीची गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला कंडक्टर पत्र्यावर थापा मारून इशारा देत असताना, तिला स्वतःचंच वाक्य कुणी परकी बाई बोलल्यासारखं ऐकू आलं. आम्ही म्हणजे कोण? तिच्या शेजारी कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. समोर फक्त प्रितम होता, बाइकवर बसून एक पाय जमिनीला टेकलेला, स्वतःचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं आणि तिचं हेल्मेट तिच्याकडे पुढं केलेलं. सकाळी डोंबिवलीहून तोच तिला घेऊन आला होता. वर ऑफिसात दिशा मॅडमनी तिला एकटीला बोलावलं, म्हणून दीड तास खाली टपरीपाशी थांबला होता. “काय बोलली मॅडम?” एवढंच त्यानं विचारलं. “आपलं झालं ना?” आणि त्यावर अक्षदाच्या तोंडून हे निघालं, बँकेत, शाळेत, नोकरीच्या मुलाखतींत वर्षानुवर्षं ऐकून गुळगुळीत झालेलं. प्रितमनं पुढं केलेला हात मागे घेतला, हेल्मेट आरशाला अडकवलं, “बरं ताई” म्हणाला आणि तिला तिथंच सोडून निघून गेला. वर्षभरात पहिल्यांदाच ती त्याच्याशिवाय घरी जाणार होती.

गोष्ट तशी एका चौकोनाची होती. दिशा मॅडम ज्या केंद्रात बसतात तिथं नव्या कंपन्यांना वर्षभर हात देतात, आणि अक्षदाच्या ‘नंबर’ला त्यांनी शेवटच्या पाचांत घेतलं होतं. डायलिसिसचा बेड कुठं रिकामा झाला की जवळच्या रुग्णाला कळवायचं, बस, एवढंच ‘नंबर’चं काम. निवड झाली तर ठाण्यापासून बदलापूरपर्यंतची डायलिसिसची चाळीस केंद्रं जोडून मिळणार होती. नाही झाली तर आहेत ती सहा, आणि तीसुद्धा ओळखीपाळखीवर चालणारी. फॉर्ममधला एकच चौकोन रिकामा राहिला होता, टेक्निकल को-फाउंडरच्या नावाचा. “एकच नाव, आणि ते वर्षभर बदलायचं नाही,” मॅडम म्हणाल्या होत्या. “चार वाजेपर्यंत पाठव. आणि अक्षदा, मैत्री वेगळी, कंपनी वेगळी.” असली वाक्यं बोलणाऱ्यांची बहुधा कंपनीही दुसऱ्याची असते, पण ते असो. अक्षदापाशी दोन नावं होती. एक प्रितम, ज्यानं ‘नंबर’ उभा केला. दुसरा सुशांत, ज्याला ‘नंबर’ चाळीस ठिकाणी चालवता आला असता.

तिनं कल्याणची एसटी पकडली. बायपासनं जाणारी, खिडकीची काच अर्धीच उघडणारी. आपण एका माणसाला आत्ता दुखावलं आहे हे तिला कळत होतं, पण लागत काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठ असतो पण आपला वाटत नाही, तसं तिचं चौदा महिने चाललं होतं. शिवराम गेले तेव्हापासून. वडील गेल्यावर मुलीनं रडायचं असतं, तर ही केंद्रांच्या वेळा वहीत उतरवत बसली होती. बाराव्या दिवशी आलेल्या आत्यानं “पोरगी दगड झाली” असं स्वयंपाकघरात म्हटलेलं तिनं ऐकलं होतं, आणि ते तिला पटलंही होतं. माजिवड्याला गाडी भरली. शेजारी एक बाई बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत मेथी. अक्षदा मेथीकडे बघत राहिली. आम्ही, आम्ही, आम्ही. सुशांतला ती अवघी दोनदा भेटली होती. दोन भेटींत तिचं ‘आम्ही’ तयार झालं होतं आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

शिवराम शाळेत हेडक्लार्क होते. आयुष्यभर मुख्याध्यापकांची पत्रं लिहून लिहून त्यांच्या बोलण्यालाही शिक्का बसला होता. शिपायालासुद्धा “आपण बसा” म्हणायचे. घरात भाजीत मीठ कमी पडलं तर चालायचं, वाक्यात शब्द चुकलेला चालायचा नाही. अक्षदा सात वर्षांची असताना मे महिन्यात तिनं चाळीतल्या समृद्धीला नाचत सांगितलं होतं, “आपण उद्या गावाला जाणार!” दुसऱ्या दिवशी पहाटे समृद्धी दारात उभी, दोन वेण्या, नवा फ्रॉक, हातात पिशवी. आईला हसू आवरेना. शिवराम मात्र हसले नाहीत. त्यांनी अक्षदाला मोरीपाशी बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, “बाळ, तिला न्यायचं नव्हतं तर ‘आम्ही’ म्हणायचं होतं. आम्ही म्हणजे समोरचा सोडून. आपण म्हणजे समोरचा धरून.” मग अंगात सदरा चढवून ते शेजारी गेले, समृद्धीच्या आईशी बोलले आणि पोरीला खरोखरच घेऊन निघाले. देवगडपर्यंत ती कधी आईच्या, कधी बाबांच्या मांडीवर बसून आली, घाटात दोनदा ओकली, पंधरा दिवस आंबे खाऊन जाडी होऊन परतली. आईनं नंतर खूप दिवस ते ऐकवलं. शिवराम म्हणायचे, “शब्दात धरली ना तिला, मग वाटेत कशी सोडायची?” या माणसाच्या मुलीनं आज भर डेपोत ‘आम्ही’ म्हटलं होतं, आणि अगदी अचूक म्हटलं होतं, हेच तर वाईट होतं. व्याकरणात एकही चूक नव्हती.

खारेगावच्या पुढं गाडी अडली. प्रितम आला होता तोच मुळी या ‘आपण’मधून. कल्याणच्या एका केंद्रात शिवरामांचा आठवड्यातून तीनदा नंबर असायचा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, आणि शेजारच्या बेडवर प्रितमची आई आवडाबाई. हेडक्लार्क आणि एके काळी मिठागरात राबलेली बाई, दोघांचं चार चार तास बोलणं चालायचं आणि निम्मं एकमेकांना कळायचं नाही. एका शनिवारी मशीन बिघडलं. तिथल्या माणसानं सोमवारी या म्हणून सांगितलं. अक्षदानं ओळखीच्या प्रत्येकाला फोन केले, सगळीकडे ‘फुल आहे’. सोमवारपर्यंत शिवरामांना धाप लागली, पाय सुजून चपलेत मावेनात. आणि नंतर कळलं की त्याच शनिवारी, तिथून दहा मिनिटांवर, उल्हासनगरच्या रस्त्याला एक बेड दुपारभर रिकामा होता. रुग्ण आला नव्हता आणि कुणाला कळवायची रीतच नव्हती. हे तिला सांगितलं प्रितमनं, केंद्राच्या जिन्यात उभं राहून. “ताई, हे असं नाय चालणार,” तो म्हणाला. “आपण करतो काय तरी.” मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवणारा, बारावीनंतर शिक्षण सोडलेला, कोडिंग व्हिडिओ बघून शिकलेला पोरगा. आठ दिवसांत त्यानं एका जुन्या हँडसेटवर काहीतरी बसवलं. केंद्रातल्या माणसानं ‘खाली’, म्हणजे बेड रिकामा, एवढा मेसेज टाकला की यादीतल्या लोकांना कळायचं. शिवराम त्यानंतर तीन दिवसांत गेले. पण ‘आपण करतो’ हे अक्षदाच्या कानात राहिलं. बाबा गेल्यावर ज्या एका शब्दाला धरून ती सकाळी उठायची, तो हा. आपण. समोरचा धरून.

आता ठाण्या-डोंबिवलीत वाढलेल्या बाईला हे माहीत नसेल असं नाही की इथली पोरं ‘मी’लाही ‘आपण’च म्हणतात. ‘आपण नाय घाबरत कोणाला’ म्हणणारा नाक्यावरचा पोरगा काही सगळ्या नाक्याच्या वतीनं बोलत नसतो. पण माणूस आपल्याला हवं ते ऐकतो, आणि अक्षदाला तेव्हा ‘आपण’ हवं होतं. फेब्रुवारीपर्यंत ते चाललं. सहा केंद्रं, एकशेचाळीस रुग्ण. फेब्रुवारीत प्रितमच्या चुलत बहिणीची हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे काय सांगायचं, लग्न एक वेळ साधं होईल, हळद नाही. मांडव प्रितमच्याच घरापुढं. आणि तो हँडसेट, ज्यावर एकशेचाळीस माणसांचे नंबर लागायचे, तो त्याच्या घरातच फळीवर चार्जरला लावलेला. बॅटरी केव्हाच गेलेली, विजेवरच जिवंत. दुपारी दोन वाजता डीजेवाल्याला मिक्सरसाठी प्लग हवा होता. त्यानं हँडसेटचा काढला आणि आपला लावला. बस. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. विठ्ठलवाडीचा गणूमामा, स्टेशनबाहेर केळी विकणारा, आदल्याच दिवशी त्याचा नंबर दुसऱ्या केंद्रात हलवलेला. त्याला मेसेज गेला नाही. तो जुन्याच केंद्रात जाऊन सहा तास बाकावर बसला आणि छातीत पाणी भरून आयसीयूत गेला.

वाचला. पण तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात प्रितमनं मान खाली घालून म्हटलं, “ताई, आपल्याकडून चूक झाली,” आणि अक्षदाचं डोकं फिरलं. “आपल्याकडून?” ती ओरडली होती. नर्स वळून बघायला लागली. “मी होते का तुझ्या हळदीत? प्लग मी काढला? स्वतःची चूक माझ्या गळ्यात कशाला बांधतोस?” प्रितमनं तेव्हाही “बरं ताई” म्हटलं होतं. त्यानंतर तो आणखी दोन दिवस गणूमामापाशी बसून राहिला, पण अक्षदाच्या मनात एक गाठ बसली ती बसली. हा माणूस चूक स्वतःची असली की वाटेकरी शोधतो, असं तिनं ठरवून टाकलं. सुशांतला पहिल्याच भेटीत तिनं हे सांगितलं. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या बागेत, बाकावर बसून. सुशांत बारा वर्षं मोठ्या कंपनीत काम केलेला, शांत, आवाज न चढवणारा. त्याचीही बहीण दोन वर्षं मशीनवर होती, म्हणूनच तो आला होता. त्यानं प्रितमचं कोड पाहिलं होतं आणि नाक मुरडलं नव्हतं. “पोरगा हुशार आहे,” म्हणाला. “पण सगळं त्याच्या डोक्यात आहे. तो नसला तर काय?” त्यावर अक्षदानं व्हरांड्यातली गोष्ट सांगितली. सुशांतनं ती नीट ऐकून घेतली. “चूक झाल्यावर जो ‘मी’ म्हणू शकत नाही,” तो म्हणाला, “त्याला को-फाउंडर करू नये.” वाक्य बरोबर होतं. तिनं ते घरी येऊन वहीत लिहूनसुद्धा ठेवलं.

रांजणोलीच्या सिग्नलला तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मेथीवाली बाई पेंगत होती. अक्षदानं फोन काढला, फॉर्म उघडला आणि चौकोनात सुशांतचं नाव टाकलं. ‘पाठवा’ दाबलं, हिरवी खूण आली, गाडी हलली. कोनगाव गेलं, खाडी आली, दुर्गाडीचा बुरूज दिसला. तिला वाटलं, आता काहीतरी वाटेल. सुटल्यासारखं नाहीतर फसवल्यासारखं, काहीतरी. पोटात भूक होती, एवढंच. फोनवरून सांगता आलं असतं, पण शिवरामांच्या घरात वाढल्यावर काही गोष्टी अंगात राहतातच. कल्याणला उतरून तिनं डोंबिवलीची रिक्षा केली.

प्रितमचं घर जुन्या गावठाणात. मागे त्यांच्याच शेतावर उभी राहिलेली अठरा मजली इमारत, आजोबांच्या नावानं, पोपट हाइट्स. ते नाव वाचून सगळी डोंबिवली हसते, आणि घरातली मंडळीही हसतात, कारण जमीन देताना काकालोकांनी करार नीट वाचला नव्हता आणि खरोखरच पोपट झाला होता. दार उघडंच होतं. आवडाबाई खाटेवर उशाला टेकून बसली होती, डायलिसिसच्या सुयांसाठी केलेल्या फिस्टुलानं फुगलेला हात पदरावर ठेवून. प्रितम जमिनीवर, पुढ्यात तो हँडसेट.

“ये गो पोरी, बस,” आवडाबाई म्हणाली. “हा कवाचा मुका बसलाय. काय झाला काय तुमचा?”

अक्षदा बसली नाही. “प्रितम, मी सुशांतचं नाव दिलं.”

“हां,” तो म्हणाला. वर बघितलं नाही. “आपण नाय मग.”

‘मी नाही मग’ की ‘आपण दोघं नाही मग’? तिनं विचारलं नाही. दोन्हीचं उत्तर एकच होतं. “नाही,” ती म्हणाली.

“बरोबर केलंस,” प्रितम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कुठंही टोमणा नव्हता. “गणूमामाच्या टायमालाच आपण समजलेलो. बोललेलो ना तुला, आपल्याकडून चूक झाली. तू भडकलीस. आपण म्हटलं, बरोबरे, भडकणारच. चूक केली आपण, त्यात ताईचा काय संबंध? आयेला पण तेच सांगितलेलं.”

“सांगलेलान ना,” आवडाबाई म्हणाली. “चार दिस जेवला नाय. बोलं, आये, आपल्या एकल्याच्या हातून मानूस मेला असता.”

आपल्या एकल्याच्या. अक्षदा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. म्हणजे त्या व्हरांड्यात त्यानं ‘मी’ म्हटलं होतं. स्वच्छ, पहिल्याच वाक्यात, कुणी न विचारता. त्याच्या तोंडातला ‘मी’ तिला ओळखता आला नव्हता. तिनं त्याचा ‘आपण’ स्वतःला हवा तेव्हा धरला, नको झाला तेव्हा सोडला, आणि त्या एका शब्दावर सुशांतकडे जाऊन साक्ष दिली. सुशांतचं नाव कदाचित तरीही आलं असतं. यायलाही हवं होतं, चाळीस केंद्रं फळीवरच्या प्लगवर चालत नसतात. पण ते ज्या कारणानं आलं ते कारण खोटं होतं, आणि हिरवी खूण येऊन पाऊण तास झाला होता. तिला वाईट वाटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा, ओठातला बधिरपणा उतरताना जसं आधी दुखतंच, तसं.

“प्रितम, ऐक...”

“वही आणलीयस ना? लिहून घे,” तो म्हणाला. “त्या दादाला हे कोडमध्ये भेटणार नाय.” आणि तो सांगायला लागला. शनिवारी दुपारचा केंद्रातला माणूस बेड खाली असला तरी कळवत नाही, त्याला फोन करून जेवलास का विचारायचं, मग तो आपसूक सांगतो. बदलापूरच्या विमलाबाईंना वाचता येत नाही, त्यांना मेसेज नाही, कॉल, आणि तोही सुनेच्या नंबरवर नको. गणूमामाला तासभर आधी कळवायचं, त्याला टोपली कुणाकडे तरी ठेवावी लागते. ज्यांना एका केंद्राचा जिना चढवत नाही अशी अकरा माणसं, त्यांची नावं. तो न थांबता बोलत होता, ती लिहीत होती, पानामागून पानं. अधेमधे आवडाबाई एखादं नाव दुरुस्त करत होती. कुणीही रागावलेलं नव्हतं. एखाद्यानं भाड्याचं घर सोडताना कुठला नळ गळतो ते नव्या माणसाला सांगावं, तसा तो सांगत होता.

शेवटी त्यानं चार्जरला लावलेला हँडसेट वायरीसकट तिच्या हातात दिला. पडद्यावर यादी होती. सगळ्यात वर ‘शिवराम काका’.

“पहिला नंबर त्यांचाच टाकलेला,” प्रितम म्हणाला. “काढला नाय कधी. कल्याणला बेड खाली झाला की अजून जातो त्यांना मेसेज. पोचत नसेल कुठं, पण जातो.” त्यानं वायर सरळ केली. “नवीन सिस्टिममध्ये ठेवायचा की काढायचा, ते आता तुम्ही ठरवा.”

तुम्ही. वर्षभर त्यानं तिला ‘तू’ म्हटलं होतं, भांडतानासुद्धा. हा तुम्ही मान देणारा नव्हता. त्यात ती होती, सुशांत होता, दिशा मॅडम होत्या, चाळीस केंद्रं होती. प्रितम त्यात नव्हता, आणि तिला पहिल्यांदाच त्याचा शब्द जसाच्या तसा कळला. तिनं बाबांच्या नावावर बोट ठेवलं. सुशांत विचारेल, हा रुग्ण चालू आहे का, आणि विचारायलाच हवं, नाहीतर बेड कुणाला तरी उशिरा मिळेल. फोननं विचारलं, नक्की काढायचं? तिनं हो दाबलं. यादी एका ओळीनं वर सरकली आणि पहिल्या जागी आवडाबाई आली.

मग ती तिथंच जमिनीवर बसली. सकाळपासून तिनं घोटभर पाणीही घेतलं नव्हतं. “पानी पी गो, पानी पी,” म्हणत आवडाबाईनं उशाजवळची बाटली उचलून तिच्या हातात दिली. अक्षदानं तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायली, मान मागे टाकून, डोळे मिटून, श्वास न घेता. बाटली खाली ठेवताना तिला तिच्यावरच्या मार्करच्या रेघा दिसल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. शिवरामांचीही अशीच होती, मशीनवरच्या माणसाला दिवसाला एवढंच पाणी, घोटाघोटानं पुरवायचं. दुपारची आणि संध्याकाळची रेघ शिल्लक होती, दोन्ही तिनं संपवल्या होत्या.

“मावशी,” ती म्हणाली, “हे तुमचं दिवसभराचं...”

“ऱ्हाऊ दे गो,” आवडाबाईनं बाटलीचं झाकण लावलं. “मना आज तहानच नाय.”

मशीनवरच्या माणसाला तहान नसते असा एकही दिवस जात नाही, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.